वाढलेलं शटर

मन्मथअप्पा लिंगैक्य झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बाया सवयीनं डाळ मिलवर गेलो, तर शटरवर पुठ्ठा टांगलेला. गंगानं मला वाचायला लावलं. आमच्यात मीच चौथी शिकलेली. पुठ्ठ्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'मालकांच्या दुःखद निधनामुळे मिल तीन दिवस बंद राहील.'

मी 'बंद'पाशी आले आणि थांबले. गंगानं तोंडावर पदर घेतला.

"अगं माय," ती म्हणाली, "म्हातारा चितेवर असता तर उठून आला असता."

"त्यांच्यात चिता नसते. पुरतात," मी म्हणाले.

"मग मातीतून आला असता. खोड तो शब्द. 'वाढलेली' लिही."

मी खोडला नाही. का, ते शेवटी लिहिते.

अप्पांच्या मिलमध्ये मी अकरा वर्षं डाळ निवडली. त्या अकरा वर्षांत तिथं एकही वस्तू बंद झाली नाही. दुकानदार लोक संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात, हे मलाही ठाऊक होतं. बांगडी फुटत नाही, वाढते. हे आपल्याकडं सगळेच बोलतात आणि विसरतात. पण अप्पांनी त्या रीतीची पालखी काढली होती. मशीन बंद पडली की 'विसावली'. दिवा 'मोठा करायचा'. पंखा 'शांत करायचा'. मोबाईलची बॅटरी उतरली की मोबाईल 'डोळा लावून बसला'. एका डॉक्टरानं त्यांना तंबाखू बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी डॉक्टर बदलला आणि तंबाखू तशीच ठेवली. कुठल्या तरी पक्षानं लातूर बंद पुकारला की बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना फोनवर सांगायचे, "आज येऊ नका. आज सगळं लातूर वाढलंय." त्या व्यापाऱ्यांना वाटत असेल, इथं आठवड्याला नवी वसाहत होते.

मी पहिल्या दिवशी कामाला आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमचं गाव कंधारकडं, तिथं दार बंद म्हणजे बंद. संध्याकाळी धूळ आत येत होती म्हणून मी धीर करून एवढंच विचारलं, "अप्पा, दार बंद करू का?"

मशीन चालू होती तरी सगळ्यांना ऐकू गेलं. एका हमालाच्या हातातलं पोतं हातातच राहिलं. अप्पा आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, पांढरा सदरा आणि त्याची डावी बाही तुरीच्या धुळीनं कायम पिवळी. त्यांनी मला काही म्हटलं नाही. शटर वर घ्यायला लावलं, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, ऊदबत्ती ओवाळली, आणि ते पुन्हा खाली घेताना स्वतः म्हणाले, "वाढव." मग माझ्याकडं वळले.

"नाव काय तुझं?"

"मुक्ता."

"आजपासून मुकी. बोलायचं काम न्हाई."

मला ते सोयीचंच पडलं. मी तशीही चारचौघांत बोलत नाही. पुढं अकरा वर्षं मी मुकीबाई होते आणि त्या नावाला कुणाला ओ दिल्याचं मला आठवत नाही, मान हलवायची फक्त.

अप्पा चालताना दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे आणि त्या हातात किल्ल्यांचा जुडगा असायचा. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं कधीच मोडीत गेली होती. किल्ली टाकून द्या असं मुलानं म्हटलं, तर म्हणाले, "कुलूप परत आलं तर?" डाळीचा नमुना बघताना तुरीचा दाणा दाताखाली धरून डोळे मिटायचे. हमाल म्हणायचे, अप्पा दाण्याला त्याचं गाव विचारून राहिलेत. सोमवारी मात्र ते खरंच देवमाणूस व्हायचे. त्या दिवशी बायांना मिलतर्फे भात-आमटीचा प्रसाद. दुपारी पत्रावळी मांडल्या की अप्पा स्वतः हाक द्यायचे, "वाढलं गं, वाढलं!" आमटी पातळ असायची, पण हाक घट्ट असायची.

आता शटरचं सांगते, कारण अप्पा म्हणजे ते शटर आणि शटर म्हणजे अप्पा.

ट्रक लागायच्या बाजूचं ते मोठं लोखंडी शटर त्यांच्या वडिलांनी बसवलेलं होतं. त्याच्या पट्ट्यांना जागोजाग पोचे, कडांना गंज. ते वर घेताना असा आवाज यायचा, जसं कुणी पत्र्याच्या डब्यात बोकड कोंडलंय. अप्पांना त्याचा फार अभिमान. सकाळी खालच्या पट्टीला हात लावून, तोच हात छातीला लावून म्हणायचे, "चल माय." आणि मोंढ्याकडं, म्हणजे धान्यबाजाराकडं, हात करून आम्हाला सांगायचे, "माझ्या शटरचा आवाज झाल्याबिगर मोंढ्यात सौदा निघत न्हाई."

गंगा खालच्या आवाजात म्हणायची, "सौद्याचं ठाऊक न्हाई, पण कुत्री निघतात."

ते पूर्ण वर घ्यायला चार हमाल लागायचे. म्हणून ट्रक यायचा असेल तेव्हाच पूर्ण घ्यायचे. एरवी कमरेइतकं वर करून ठेवायचे. आमचं पाणी, आमचा संडास, चुनी टाकायची जागा, सगळं त्या शटरच्या पलीकडं अंगणात. डाळीचा भुसा म्हणजे चुनी, ती टोपल्यानं वाहायची. दिवसातून पन्नासदा आम्ही टोपलं कमरेला लावून त्या शटरखालून वाकून जायचो. गंगाची कंबर धरायची, तिनं एकदा बोलून दाखवलं.

अप्पा म्हणाले, "लक्ष्मीपुढं वाकलं म्हणून कुणाची कंबर झिजत न्हाई, अक्का."

ते स्वतः समोरच्या काचेच्या दारानं यायचे-जायचे. त्या दाराला वाकावं लागत नव्हतं.

शटरची देखभाल अप्पा जातीनं करायचे. दर अमावास्येला नवं लिंबू-मिरची आणि स्प्रिंगला करडईचं तेल. ग्रीसला हात लावत नसत, म्हणायचे, "ग्रीस काळं असतंय, लक्ष्मीला काळं लावत न्हाईत." मिलमध्ये डाळीचं पीठ तर चोवीस तास उडणारच. ते पीठ त्या तेलात बसायचं, वर पुन्हा तेल, पुन्हा पीठ. उन्हाळ्यात पत्रा तापला की वरून खमंग वास यायचा. गंगा वर बघून म्हणायची, "आता फोडणी टाका, पिठलं होतंय."

एका वर्षी शटर अर्ध्यावर अडकलं ते वरही जाईना आणि खालीही येईना. तेव्हा नांदेडहून खाजाभाईला बोलावलं. खाजाभाई शटरचे जुने कारागीर, बारीक अंगाचे, खिशाला पेन्सिल. शिडीवर चढून त्यांनी वरचं झाकण काढलं, आत बोट घातलं, बोटाला आलेला गोळा हुंगला.

"अप्पा, इथं कुणी खायला बसतं काय?"

"तेल हाय ते. घाण्याचं."

"तेल नको घालू. साल में दोन वेळा मला बोलवा. पट्ट्या झाडू, बेअरिंगला ग्रीस देऊ, कड्या बघू. पण आता त्याचाही टाइम नाही राहिला. स्प्रिंग गेली."

अप्पांनी कानाला हात लावला. "गेली म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"थकली म्हण."

"थकली," खाजाभाई शिडी उतरत म्हणाले. "शटरचा सगळा भार ती पेलते, अप्पा. ती थकली म्हणजे वर नुसतं लोखंड लटकून राहिलंय. कुणाच्या डोक्यावर बसून आराम करील, काय नेम नाही. नवीन करा."

बोलताना ते आमच्याकडं बघत होते, कारण तेवढ्या वेळात आम्ही तिघी त्याखालून गेलो होतो. मी त्या दिवसापासून शटरखालून जाताना श्वास धरायला लागले. बोलले मात्र नाही. मुकी ना मी.

खाजाभाईंनी टेपनं दाराचं माप घेतलं, वहीत लिहिलं, आणि गेले. महिनाभर अप्पांनी वडिलांच्या फोटोशी सल्लामसलत केली. मग एका सकाळी काचेच्या खोलीत बसून त्यांनी नांदेडला फोन लावला. दार उघडं होतं, मी बाहेर झाडत होते, त्यामुळे ते बोलणं मी पूर्ण ऐकलं.

"खाजाभाई, आपलं ठरलं. शटर वाढवायचं."

पलीकडून काही विचारलं असावं.

"पूर्ण वाढवायचं. थोडंथोडकं न्हाई."

पुन्हा पलीकडून काही.

"आता किती म्हणून मी तोंडानं काय सांगू? समजून घे की. वडिलांच्या हातचं हाय. जरा मोठ्या मनानं घे."

खाजाभाईंनी मोठ्या मनानं घेतलं. तीन आठवड्यांनी टेम्पोतून जे शटर उतरलं ते दारापेक्षा दीड फूट रुंद होतं.

चकाचक पत्रा, सरळ पट्ट्या, आणि ते भिंतीला लावून बघितलं तर दोन्ही बाजूंनी वीत वीत बाहेर. अप्पा एकदा शटरकडं बघायचे, एकदा दाराकडं.

"हे काय करलास गा?"

"तुम्हीच बोलले वाढवायचं. मला वाटलं, मोठ्या गाड्या लावायच्या, दार रुंद करून राहिले असतील."

"अरे, वाढवायचं म्हणजे जुनं काढायचं!"

खाजाभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "दुकान बढाते हैं, हे मला पण ठाऊक आहे, अप्पा. शटर कसं बढवतात ते मला काय मालूम?" मग म्हणाले, "हरकत नाही. मशीन आणतो, एकेक पट्टी कापतो, पाइप कापतो. दोन दिवसांचं काम."

"कापायचं?" अप्पांनी दोन्ही हात पुढं केले, जसं काही खाजाभाईंच्या हातात आत्ताच करवत आहे. "घरात आलेल्या लक्ष्मीला कात्री लावतो का कोणी?"

मग भिंत फोडून दार मोठं करावं, असं कोणीतरी सुचवलं. भिंत वडिलांनी बांधलेली होती. त्यामुळे तेही राहिलं. नवं शटर अंगणात आडवं पडलं. उन्हाळ्यात आम्ही त्यावर सांडगे वाळवले. इतके खडखडीत सांडगे मी पुन्हा कधी बघितले नाहीत.

आणि जुन्या शटरला अप्पांनी टेकू दिला. कडुनिंबाचा गोल वासा, खाली दगड, वर शटरची पट्टी. दगडाला हळद-कुंकू. आठ दिवसांत कोणीतरी त्यावर फूल वाहिलं, मग रोजच कोणी ना कोणी वाहायला लागलं. खाजाभाईंचा फोन आला की अप्पा सांगायचे, "काय घाई न्हाई. एकदम मजबूत हाय." गंगा येता-जाता त्या वाशाला हात जोडायची. मी विचारलं, खरंच देव मानतेस का? ती म्हणाली, "देव न्हाई गं. विनंती करून राहिले."

तो सोमवार होता. सकाळची वेळ, अकरा वाजायचे होते. अप्पा पोत्यांच्या थप्पीजवळ दाताखाली दाणा धरून उभे. मी आत डाळ निवडत बसलेले. गंगा चुनी टाकून रिकामं टोपलं घेऊन अंगणातून परत येत होती. थप्पीच्या वरचं एक पोतं घसरलं, खाली आलं आणि टेकूच्या बुडाला धडकलं. वासा दगडावरून सरकला आणि तिरका व्हायला लागला. एकदम नाही, हळूहळू. कुंकवावर घासत.

गंगा तेव्हाच खाली वाकली.

अप्पांनी सगळ्यांच्या आधी बघितलं. ते तिच्यापासून चार पावलांवर होते. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आवाज येईना. बाकीच्यांना वाटलं असेल म्हातारा घाबरला. मी त्यांना रोज बघत आले होते, मला कळलं ते काय करत होते. ते शब्द शोधत होते. 'पडलं' म्हणता येत नव्हतं, 'तुटलं' म्हणता येत नव्हतं, आणि भरल्या मिलमध्ये, सोमवारी, शोभेल असा शब्द लवकर सापडेना. मग सापडला.

"गंगे, वाढलं! वाढलं!"

गंगा शटरच्या बरोबर खाली थांबली. वाकल्या वाकल्या तिनं मान वर केली.

"इतक्या लवकर? अजून अकरा न्हाई वाजले की, अप्पा."

तेव्हा मी ओरडले. "गंगे, पडलं! पळ!" तो आवाज कुठून आला मला ठाऊक नाही. मशीनच्या वरून गेला तो. गंगानं टोपलं सोडलं आणि पुढं उडी घेतली. मागं शटर आलं.

त्या आवाजावर मोंढ्यात सौदा निघाला असेल तर मला माहीत नाही. पिठाचा ढग बसला तेव्हा गंगा माझ्या निवडलेल्या डाळीत पडलेली दिसली. टोपल्याची चपाती झाली होती. तिची डावी चप्पल अर्धी आत, अर्धी बाहेर. पाय सुटला होता, टाच सोलली होती फक्त.

कोणीतरी मशीन थांबवली. सगळं शांत. अप्पांनी आधी शटरकडं बघितलं, मग गंगाकडं, मग माझ्याकडं. त्यांचा चेहरा पिठानं पांढरा होता, का तसाच पांढरा झाला होता, सांगता येत नाही.

"मुके," ते म्हणाले, "भर सोमवारी, चालत्या मिलमध्ये 'पडलं' म्हणालीस?"

मला हे लिहितानाही कसंसं होतं, पण मी बोलले. खाली बघून बोलले, तरी बोलले.

"अप्पा, मी वाढलं म्हणले असते, तर गंगा वाढली असती."

कोणी हसलं नाही. गंगा टाच धरून बसली होती, तीच म्हणाली, "आन् मला वाटलं आमटी वाढली."

अप्पांनी हमालांकडून शटर उचलून पुन्हा टेकू लावून घेतला, पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही कोणी त्याखालून गेलो नाही. ठरवून असं काही ठरलं नव्हतं. गंगा लंगडत टोपलं घेऊन निघाली ती सरळ काचेच्या दाराकडं. तिच्यामागं आम्ही सगळ्या. अप्पांच्या खोलीतून, अप्पांच्या टेबलाला वळसा घालून, समोरच्या दारानं बाहेर, आणि मिलला फेरी मारून अंगणात. परत तसंच. चुनी वाहताना सांडते. ती वहीवर सांडली, फोनवर सांडली, वडिलांच्या फोटोच्या हारावर बसली. व्यापारी बोलायला आलेले, मधून टोपली चालली.

अप्पा म्हणाले, "अक्का, मागून जावा की."

गंगा म्हणाली, "मागचं वाढलंय, अप्पा."

हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावरचा फोन माझ्याकडं सरकवला. नांदेडचा नंबर लावलेलाच होता.

"तू सांग त्याला. तुला सरळ बोलता येतंय."

मी उभ्यानं बोलले. "खाजाभाई, जुनं काढायचंय. अंगणातलं कापून बसवायचंय. दाराच्या मापानं."

पलीकडून खाजाभाई म्हणाले, "इतकंच होतं?"

दोन दिवसांत झालं. खरोखर दोनच दिवस लागले. दीड फुटाचे तुकडे कोपऱ्यात पडले. त्या तुकड्यांपायी आम्ही वर्षभर श्वास धरून वाकत होतो. खाजाभाईंनी मोटर पण लावायला लावली. भिंतीवर तीन बटणांची पेटी बसवली आणि लोकांना कळावं म्हणून लाल रंगानं ब्रशनं लिहिलं. उघड. थांब. बंद. अप्पांनी रंग वाळायची वाट बघितली आणि तिसऱ्या शब्दावर कुंकवाचं बोट ओढलं. रोज सकाळी नवं बोट. काही दिवसांनी तिथं कुंकवाचा जाड थर झाला, शब्द दिसेना. नवीन हमाल विचारायचे, हे कुठल्या देवाचं बटण?

शटर आता डोक्याच्या वर जात होतं. आम्ही ताठ चालत जायचो. पहिले काही दिवस सवयीनं कंबर वाकायची आणि आमचं आम्हालाच हसू यायचं. शटरला आवाज मात्र नव्हता. अप्पांना तेच लागलं. "मुकं हाय," म्हणायचे, आणि मग माझ्याकडं बघून गप्प व्हायचे.

पुढं अप्पांच्या मुलानं कारभार आणि काचेची खोली घेतली. अप्पा अंगणात बसायला लागले, जुन्या शटरच्या पट्ट्या रचून केलेल्या ओट्यावर. त्या मोडीत द्यायला त्यांनी नकार दिला होता. पण संध्याकाळी बटण दाबायचं काम त्यांनी कोणाला दिलं नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते दिवेलागणीला. मी डबा विसरले होते म्हणून अर्ध्या रस्त्यातून परतले. सगळे गेलेले. अप्पा पेटीजवळ उभे होते, एक हात भिंतीला. बोट त्या कुंकवाच्या थरावर ठेवलेलं, पण दाबत नव्हते. मग त्यांनी हात काढला. गुडघ्यावर हात टेकून ते हळूहळू वाकले. पार खाली, आम्ही वाकायचो त्याच्याही खाली. जन्मात वाकलेला नव्हता तो माणूस. शटरच्या जागेतून अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी बघून घेतलं. तिथं कोणी नव्हतं. तरी त्यांनी हाक दिली, चांगली घट्ट, सोमवारची.

"कोणी हाय का खाली? सरका गं, सरका. बंद होलालंय."

आणि बटण दाबलं. शटर आवाज न करता खाली आलं. ते खाली टेकल्यावर अप्पांनी दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, "शिव, शिव," म्हणाले, आणि वळले तर मी उभी.

त्यांनी बोटाचं कुंकू सदऱ्याला पुसलं.

"तू काही ऐकली न्हाईस," ते म्हणाले.

मी मान हलवली. मुकी होते ना मी. गंगालासुद्धा आजवर सांगितलं नाही. पुठ्ठ्यावरचा 'बंद' मात्र मी तसाच राहू दिला.